सहाचं जहाज

मिलान, ३ जून १९९३

चि. ऑत्ताविया हिस,
जिरोलामोचे अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांनी दादाचं अक्षर बघून तू पाकीट उलटसुलट करून पाहशील, हे मला ठाऊक आहे. मी मेलेलो नाही, निवृत्त झालोय. डेल्फिना म्हणते, त्यात फारसा फरक नाही. गुडघे कुरकुरतात आणि डॉक्टर दर महिन्याला ताटातला एक पदार्थ काढून घेतो.

पत्राचं कारण असं की, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं जहाजाच्या सफरीला निघालोय. डेल्फिना तीन वर्षं या आठ दिवसांची वाट बघते आहे. जहाज आपल्या जेनोवाहूनच सुटतं, २४ जूनला संध्याकाळी सहाला. साडेपाचला शिडी काढतात. आमची गाडी बाराला पोचते, म्हणजे मधले पाच तास मोकळे. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी बंदराचा नकाशाच पालटला म्हणतात, बसचे नंबर बदलले, आणि बाबा गेल्यापासून मी गावात पाऊल ठेवलेलं नाही. कुठे जावं, कसं जावं, कुठे खावं, एवढं चार ओळींत लिहून पाठवशील का?

तुला भेटावं असंही मनात आहे, पण सक्ती नाही. राग असेल तर तो राहू दे. खुशाली मात्र कळव.

तुझा,
जिरोलामो

*

जेनोवा, ७ जून

ती. झीता मावशी हिस,
ऑत्तावियाचा शि. सा. न. वि. वि.

मावशी, देव आहे! जरा उशिरा उठतो, पण आहे. सोबत दादाचं पत्र ठेवलंय. वाच, आणि जहाजाची तारीख दोनदा वाच. संत योहानाचा दिवस! पाच वाजता कॅथीड्रलमधून मिरवणूक निघते, सान लोरेंझोचा अख्खा रस्ता माणसांनी भरतो, संताच्या अस्थींची पेटी बंदरावर जाऊन समुद्राला आशीर्वाद मिळेपर्यंत मांजरसुद्धा पलीकडे जात नाही. आणि हा विचारतो, मधले पाच तास काय करू! जोवी घाट ओलांडून मैदानात उतरला तो आधी मीठ विसरतो आणि मग सण, हे तुझंच म्हणणं.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय हात शांत होत नाही. मी तेव्हा जहाजावर चादरी धूत होते. बाबा गेल्याची तार मिळाली तशी उलट तार केली की सकाळी नऊला जहाज बंदरात लागतंय, थांबा. यांनी आठला उरकलं. मी धावत स्टालियेनोच्या दफनभूमीवर पोचले तेव्हा माळी फावडं धूत होता. बाबांचं तोंडसुद्धा मला दिसलं नाही. विचारलं तर दादा म्हणाला, पाद्रीबुवांना वेळ नव्हता, आणि जग कुणासाठी थांबत नाही, ऑत्ताविया. एक तास, मावशी. मी काय महिना मागितला होता?

आता जहाजही कुणासाठी थांबत नाही, हे त्याला कळू दे. साडेचारला त्याला कॅथीड्रलमध्ये बसवते आणि पाचला रस्त्यावर काढते. त्याआधी सान बेर्नार्दो गल्लीत १४ नंबरला फारिनाता खायला पाठवते. लाल रंगातला १४ म्हणजे दुकान आणि काळ्या रंगातला १४ म्हणजे कुणाचं तरी घर, हे मी लिहिणार नाही. दोन्हींमध्ये अर्धी गल्ली आहे. शोधू दे, गुडघे झिजवू दे.

मला पाप-पुण्य शिकवू नकोस. सांधेदुखीला तेल लावत जा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ऑत्ताविया

*

जेनोवा, ७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, फार बरं वाटलं. चाळीस वर्षांबद्दल वहिनींचं विशेष कौतुक.

प्रिन्चिपे स्टेशनसमोरच जहाजाचा धक्का आहे, तेव्हा सामान आधी तिकडे पोचतं करावं. मग पोर्तेल्लोहून लिफ्टने कास्तेल्लेत्तोला वर जावं. तिथून सगळं बंदर दिसतं, वहिनींना आवडेल. खाली उतरून सान बेर्नार्दो गल्लीत १४ नंबरला फारिनाता खावी, बेसनाची अशी खुसखुशीत पोळी मिलानमध्ये मिळायची नाही. उन्हाचं फिरू नये. साडेचारला कॅथीड्रलमध्ये निवांत टेकावं, तिथे गारवा असतो. पाचला निघून सान लोरेंझोच्या रस्त्याने सरळ बंदराकडे उतरलात की बस मिळते, दहा मिनिटांत धक्का. घाई मुळीच करू नये.

मी त्या दिवशी कामोलीला मावशीकडे असेन, त्यामुळे भेट होणार नाही. चुटपुट लागून राहील. वहिनींना नमस्कार. पूर्वी होती तेवढीच माया असावी.

आपली,
ऑत्ताविया

*

कामोली, ११ जून

चि. ऑत्ताविया हिस,
झीता मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दूध उतू गेलं, मग भ्याले. तू लहानपणी शेजारच्या कोंबड्याशी दोन वर्षं अबोला धरला होतास, त्यामुळे आश्चर्य असं वाटलं नाही. पण बाई गं, जेनोवात जन्मलेला माणूस संत योहान विसरेल? दगड विसरतील. तू रागाच्या भरात त्याला फारच मूर्ख धरते आहेस असं मला वाटतं.

आणि डेल्फिनाचं काय? तिने तुझं काय घोडं मारलंय? तिच्या वाटणीची सफरही बुडवणार का? याचं उत्तर तुझ्याजवळ असेल तर खुशाल कर. नसेल तर एक दुरुस्तीचं कार्ड टाक, अजून वेळ आहे.

मी तुला पाप-पुण्य शिकवत नाही. तुझ्याकडे रुजवायला जागाच नाही. लोणच्यातले मासे पाठवलेत, ते खा आणि डोकं थंड ठेव. काही झालं तरी मी तुझीच आहे.

मावशी

*

जेनोवा, २४ जून, संध्याकाळी सात

चि. ऑत्ताविया हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घराखालच्या कॉफीच्या दुकानात बसून लिहितो आहे. मालक हे वर आणून देईल. तू कामोलीला नाहीस. तुझी खिडकी उघडी आहे, आणि सहाचा भोंगा झाला तेव्हा पडदा हलला.

जहाज गेलं. डेल्फिना जहाजावर आहे. तिला मी बारालाच सामानासकट चढवलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, अकरा वर्षं उशीर केलास, आता जा. मग मी तुझी यादी हातात धरून निघालो आणि एकही ओळ गाळली नाही. लिफ्टने वर गेलो. सान बेर्नार्दोत काळ्या १४चे चार जिने चढून घंटा वाजवली. एका म्हातारीने झाडू घेऊन दार उघडलं, तिला मी फारिनाता मागितली. साडेचारला कॅथीड्रलमध्ये बसलो. पाचला रस्त्यावर आलो.

ऑत्ताविया, विशीत मी पाच वर्षं त्या मिरवणुकीत मोठा क्रूस वाहिलाय. कमरेच्या पट्ट्यात त्याचा बुंधा रोवून, हात सोडून. तो दिवस मी विसरेन? तुझं पत्र वाचताक्षणी कळलं की माझ्या बहिणीने माझ्यासाठी शिक्षा बेतली आहे. फार बरं वाटलं.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. पाद्रीबुवा थांबायला तयार होते. डेल्फिनाही थांबा म्हणाली. मीच म्हटलं, उरकून घ्या. दुपारी दोनला मला मिलानच्या कचेरीत हजर व्हायचं होतं. बढतीची मुलाखत होती. बढती मिळाली.

आज तुझ्या खिडकीखाली उभा राहून जहाज जाताना पाहिलं आणि छाती हलकी झाली. फिटंफाट झाली असं म्हणू का? दार उघडशील तर उद्या आपण दोघं बाबांकडे जाऊ.

तुझ्या दोन शब्दांच्या आशेवर,
दादा

*

जेनोवा, त्याच दिवशी, रात्री साडेआठ

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे.

म्हणजे पाद्रीबुवांना वेळ होता. अकरा वर्षं मी त्या म्हाताऱ्या माणसाला उगाच शिव्या घातल्या. त्यांची माफी मागायलाही आता ते उरले नाहीत.

मी सहाला खिडकीत उभी होते, खरं आहे. जहाज सुटलं तेव्हा मी टाळी वाजवली. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचित झाला असेल. तो दीड तास टिकला, आणि मग दुकानाचा मालक तुझं पत्र घेऊन आला. बाबांचं शेवटचं दर्शन तू घेतलंस, बढती तू घेतलीस. माझ्याजवळ एक सूड होता. तोही तू हसत हसत घेतलास आणि वर आभार मानलेस. छाती हलकी झाली म्हणतोस! माझ्या जिवावर तू छाती हलकी करायची नाही. फिटंफाट तू म्हणायची नसते.

तेव्हा नीट वाच. या वेळी एकही चूक घातलेली नाही. तुझं जहाज उद्या सकाळी चिवितावेक्कियाच्या बंदराला लागतं आणि संध्याकाळी सातला सुटतं. प्रिन्चिपेहून सकाळी रोमची गाडी आहे, ती चिवितावेक्कियाला थांबते आणि दुपारच्या आत पोचवते. स्टेशनातून बाहेर पडून उजवीकडे समुद्राच्या कडेने चालत राहिलास की पंधरा मिनिटांत धक्का येतो. उद्या तिकडे कुठलाही सण नाही. मी फोन करून विचारलं.

जा, आणि उरलेले सातही दिवस वहिनींबरोबर मजा कर. रोज रात्री त्या जहाजावर गाणं-बजावणं असतं, चादरी मऊ असतात, मी धुतल्या आहेत. माझ्याकडून तुला शिक्षा हवी होती ना? ती मिळणार नाही. बाबांकडे मी एकटी जाईन.

दार उघडणार नाही. मालकाला सांगितलंय, तुला जेवू घाल, पैसे माझ्या नावावर. गुडघ्यांना जप, गाडी वेळेवर पकड.

लोभाचं आत्ता काही लिहीत नाही.

ऑत्ताविया