शर्टातली माया

दादा,

रविवारी चर्चमध्ये उपदेश करताना तू माझ्याकडे बघूनच म्हणालास, संदेष्ट्यांसारखी मुकाट वाट पाहायला शिका, तुरुंगाच्या फाटकावर तमाशे करू नका.

कुठला संदेष्टा मुकाट बसला होता रे? हबक्कूक बुरुजावर चढून देवालाच जाब विचारत होता. यिर्मया स्वतः कैदेत, शहराला वेढा पडलेला, आणि हा पठ्ठ्या शेत विकत घेत होता, लोक परत येऊन इथे पेरतील म्हणून. तुझा भाचा संपात पकडला गेला, इतकी वर्षं झाली, खटलाही उभा राहिला नाही. मी काय हातावर हात ठेवून बसू?

काल मी त्याच्यासाठी शर्ट बेतला. आत गेला तेव्हा पोरसवदा होता, आता खांदे भरले असतील. म्हणून शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडलंय, घट्ट झाला तर उसवून सैल करीन. आम्ही शिंपी त्याला माया म्हणतो. मी त्यालाच वाट पाहणं म्हणते.

हे पत्र तुला मिळणार नाही, याच कागदावर मला कॉलर बेतायची आहे. उपदेशाला घालायचा तुझा झगा मात्र मिळेल, शिवून तयार आहे. अगदी मापात बसेल. त्यात माया ठेवलेली नाही.

फाटकावरच सापडेल अशी,
तुझी धाकटी बहीण