आपला काठ गप्प बसला

मु. पो. यशोदाअक्कांचं गाव, ता. धुळे
३० एप्रिल २०२५

चि. सौ. दिपमाला हिस,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा दिवस जातो, म्हणून लिहिते आहे. अक्कांचा अमृत रोज जळगावला गाडी घेऊन जातो, त्याच्या हाती पत्र देते.

अक्कांचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, हा हट्ट, की खानदेशात एवढी वर्षं काढून मी खेड्यातली आखाजी पाहिली नाही म्हणजे काहीच पाहिलं नाही. आता पाहिली. आम्ही नाशिकला अक्षय्य तृतीया म्हणत असू आणि आमरस खाऊन झोपत असू. इथे कोणी झोपत नाही. लिंबाच्या प्रत्येक फांदीला झोका. नातवंडं झालेल्या बायका त्यावर उभ्या राहून गळा काढतात आणि त्याला गाणं म्हणतात. पुरुष पारावर पत्ते कुटतात. सण आहे म्हणे, आज चालतं. मलाही झोक्यावर बसवलं. मी बसले, कारण हात ओढून खांदा निखळायची वेळ आली होती.

तू पुन्हा नशिराबादला माहेरी जायचं विचारलंस. माझं उत्तर तेच. तुझ्या वडिलांनी बाळाच्या बारशाला चारचौघांत मला म्हटलं, की मास्तरीण झाली पण बोलायची रीत नाही. आधी त्यांनी शब्द मागे घ्यावा, मग माहेर. त्यांच्या आजारपणाचं निमित्त मला सांगू नकोस. कुरडया वाळल्या की डब्यात भर.

बाळाला पापा. माझ्याबद्दल जो काही लोभ असेल तो असू दे.
चारुलता


१ मे २०२५

चि. सौ. दिपमाला हिस,

आशीर्वाद. आज गौराई नदीवर नेली. नदी म्हणजे वाळू आणि मधे घोट्यापर्यंत पाणी. अलीकडे आमच्या गावच्या बायका, पलीकडे त्या गावच्या. आणि मग दोन्हीकडून शिव्या. पदर खोचून, हातवारे करून, एकमेकींच्या घरची सगळी लक्तरं. मी अक्कांना म्हटलं, की हा सण आहे की भांडण? त्या म्हणाल्या, की आजच्या दिवशी शिवी लागत नाही, उलट वर्षभराचं धुऊन निघतं.

तेवढ्यात पलीकडून एक जाडजूड बाई माझ्याकडे बोट करून ओरडली, "जयगावनी मास्तरीन उनी झोका खावाले, सूनले कोंडी घरमा, आते लागनी मिरावाले!"

सुनेला घरात कोंडून जळगावची मास्तरीण इथे मिरवते आहे म्हणे! मी शुद्ध मराठीत उत्तर दिलं. दोन्ही काठ हसले.

ते जाऊ दे. रीत अशी, की पलीकडून शिवी आली की आपल्या काठानं तिप्पट परत करायची. पाहुणी असली तर जास्तच. मी वळून पाहिलं. एकही बाई बोलली नाही. कोणी बांगड्या सारख्या करत होती, कोणी पाण्याकडे बघत होती. आपला काठ गप्प बसला.

तू हे कोणाजवळ बोललीस, ते मला उलट टपाली कळव.
चारुलता


जळगाव
२ मे २०२५

ती. सौ. आईंना,

दिपमालाचा शि. सा. नमस्कार. मी बाहेर कुठे बोलले नाही. यशोदाआत्यांनी फोन करून विचारलं, की आखाजीला माहेरी का जात नाहीस? मी खोटं सांगितलं नाही. त्यांची बालमैत्रीण नदीपलीकडे दिलेली आहे, हे मला आज अमृतभाऊंकडून कळलं.

तुम्ही शब्द मागे घ्यायचं म्हणता. माझ्या आबांना माघात अर्धांगाचा झटका आला, हे तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही निमित्त म्हणालात, म्हणून पुढचं सांगितलं नाही. त्यांची वाचा गेली आहे. तुम्हाला हवी ती माफी आता त्यांच्याकडून यायची नाही. तुम्हाला ती शब्दांवाचून चालणार असेल तर कळवा, नसेल तर मी पुन्हा विचारणार नाही.

कुरडया डब्यात भरल्या. बाळ बरं आहे.
दिपमाला


नशिराबाद
५ मे २०२५

ती. यशोदाआत्यांना,

शि. सा. नमस्कार. तुमच्याकडून निघालेल्या आई परवा जळगावला आल्या आणि उंबऱ्यातूनच मला म्हणाल्या, की बाळाचे कपडे घे. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. यांनी आम्हाला गाडीनं इकडे सोडलं. वाटेत सगळी बोलणी तुम्हाला. तुम्ही कारस्थानी, तुमचं गाव अडाणी, तुमचे मांडे जाड. मी 'हं' म्हणत होते.

आमच्या दारी पोचल्यावर मात्र त्या थबकल्या. आबा खाटेवर पडून होते. आईंना पाहून त्यांनी उठायची धडपड केली, ओठ बराच वेळ हलवले, पण नुसता घशातला आवाज. माझी आई पदर तोंडाला लावून आत गेली.

आई खाटेशी बसल्या. म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. मला तरी कुठे बोलता येतं?"

आबा हसले की रडले ते मला सांगता येणार नाही, त्यांचा चेहरा आता एकाच बाजूनं हलतो. मग आईंनी रसाची वाटी मागून घेतली आणि त्यांना चमच्यानं भरवू लागल्या. पहिल्याच चमच्याला माझ्या आईला सुनावलं, की रस फार पातळ केलाय, असा आमच्याकडे गुरांनाही देत नाहीत. आणि आबांच्या हनुवटीवर ओघळलेला रस स्वतःच्या पदरानं पुसला.

मी आठ दिवस राहणार आहे. तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा, आणि माया अशीच राहू द्या.
तुमची दिपमाला