चढाला दमणारी स्कूटर

अब्बा,

धावण्याची शर्यत पुरी केली, हे फोनवर सांगितलंच. हे मात्र कागदावरच राहू दे.

तुम्ही जहाजावरून रजेवर आलात, तेव्हा एकमेकांशी काय बोलायचं तेच आपल्याला सुचत नव्हतं. मग पहाटे आरे-वारेच्या रस्त्यावर धावायचा सराव करताना पोरीच्या अंगावर कुत्री येतील म्हणून तुम्ही जुनी स्कूटर घेऊन माझ्यापुढे निघायला लागलात. चढाला मला धाप लागायची, मी चालायला लागायचे, आणि नेमकी तेव्हाच स्कूटर बंद पडायची. "म्हातारी दमली गो," म्हणत तुम्ही ती ढकलत माझ्या बाजूने चालायचात. समुद्रातली वादळं, तुमची अम्मी, ईदला जहाजावर एकट्याने खाल्लेला शिरखुर्मा, सगळं मी त्या चढावरच ऐकलं.

काल धाकट्या हुदाला मागे बसवून, पायाशी तांदळाची गोण ठेवून मी तीच स्कूटर त्या चढावर नेली. जराही न कुरकुरता वर गेली.

विचारलं तर तुम्ही म्हणाल, "पेट्रोल वाचवत होतो." म्हणून विचारत नाही.

पुढची रजा लवकर घ्या, अब्बा. म्हातारी परत दमायला तयार आहे.

तुमची
महरीन