आमिषाची होडी

२ सप्टेंबर

आलो एकदाचे! टेम्पोतून सामान उतरलं तसं बाबांनी सगळ्यात आधी आपल्या गळाच्या काठ्या तपासल्या. भांड्यांचं खोकं फुटून डबे रस्त्यावर गडगडले, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. घर लहानसंच आहे, पण झकास. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, मागे पत्र्याची शेड आणि शेडच्या दारातून थेट तलावात उतरणाऱ्या, एका बाजूला कठडा असलेल्या दगडी पायऱ्या. माझी नवी नोकरी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत. चालत गेलं तरी चहा पोटात गरम असतानाच पोचेन.

घरमालकीणबाई शेजारीच राहतात. किल्ली देताना त्यांचं लक्ष काठ्यांकडे गेलं, तर म्हणाल्या, इथे कुणी गळ टाकत नाही. बाबांनी घाबरेघुबरे होऊन विचारलं, का हो, मासे नाहीत? त्या म्हणाल्या, ढिगाने आहेत. आणि नळाची चावी कुठे आहे ते दाखवायला आत गेल्या.

बाबांनी तीस वर्षं बस चालवली. आता उजवा खांदा असा आखडलाय की गळ लांब फेकता येत नाही. आई गेल्यापासून त्यांना पाण्याकाठी बसण्याशिवाय दुसरं सुख नाही आणि मोठे मासे तर सगळे मध्यावर. त्यामुळे मी जाहीर करून टाकलं, मी तुम्हाला रिमोटवरची होडी करून देते. ती आमिष आणि गळ मध्यापर्यंत नेईल, तिथे सोडेल आणि परत येईल. तुम्ही नुसते खुर्चीत बसा. ते म्हणाले, मोटरसाठी घरातल्या मिक्सरला हात लावू नकोस म्हणजे झालं.

६ सप्टेंबर

सांगाडा तयार. थर्माकोल कापून त्यावर फायबरच्या लेपाचे दोन हात दिले. शेडमध्ये वास असा भरलाय की डोकं गरगरतं. मागच्या बाजूला एक उलटणारा कप्पा आहे. बटण दाबलं की तो आमिष पाण्यात ओततो आणि पुन्हा सरळ होतो.

खरा वाद आहे तो होडी ढकलायची कशाने याचा. तीन वाटा आहेत. पाण्यातला साधा पंखा: ताकद चांगली, बॅटरी कमी खातो, पण मध्यावर शेवाळ दाट आहे आणि ते पंख्याला गुंडाळलं की संपलं. दुसरी जेट: होडीच्या पोटातून पाणी आत ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं. बाहेर काही फिरत नाही, म्हणून गुंडाळायलाही काही नाही. पण गाळ आत गेला की ती तुंबते. तिसरा हवेचा पंखा: तो होडीच्या पाठीवर उभा असतो, पाण्याला शिवतच नाही, पण जरा वारा सुटला की होडी भरकटते.

बाबा पाण्यातल्या पंख्याच्या बाजूने. म्हणतात, जे रस्त्यात उघडून दुरुस्त करता येतं तेच घ्यावं. मी जेटच्या बाजूने. शेवटी त्यांच्या खांद्याकडे बघून पंखा लावला.

१३ सप्टेंबर

पहिली फेरी! होडी ऐटीत निघाली, बाबांनी टाळ्या वाजवल्या. मध्यावर पोचली आणि थांबली. शेवाळ. रिमोट दाबून दाबून अंगठा दुखला. पोहत जावं लागणार असं वाटत होतं तेवढ्यात ती आपणहून सुटली आणि परत आली.

पंखा उलटा करून पाहिला. शेवाळाचा एक धागा नाही. शाफ्टला मी लावलेलं ग्रीससुद्धा कुणी फडक्याने पुसावं तसं गेलेलं. बाबा म्हणाले, बघ, सांगत नव्हतो? एक मात्र कळत नाही. जाऊन येऊन एवढा वेळ गेला, तरी बॅटरी जवळजवळ भरलेलीच दाखवतेय. मीटर बिघडला असणार.

१७ सप्टेंबर

आज गंमत झाली. होडी परत आली तर कप्प्यात पिठाचं आमिष भरलेलंच. कप्पा उलटलाच नाही असं मी म्हटलं, पण बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी तो उलटताना पाहिला होता. शिवाय हे गोळे चांगले घट्ट होते, एकसारखे, आणि प्रत्येकावर बोटांच्या दाबाच्या खुणा. बाबांना वाटलं, मी नीट वळून दिले. मला वाटलं, त्यांनी. दोघंही हसलो.

नंतर भांडी घासताना आठवलं. बाबा गोळे वळत नाहीत. ते पिठाचे नुसते तुकडे तोडून टाकतात.

२० सप्टेंबर

पंखा काढून जेट बसवली. शेवाळाच्या बाबतीत नशीब रोज साथ देणार नाही, असं बाबांना पटवलं. पाणी आत घेण्याच्या तोंडावर बारीक जाळी लावली. आवाज छान येतो, कुणी दातांतून श्वास ओढतंय असा.

पहिल्याच फेरीला कप्प्यात मासा आला. चांगला मोठा, जिवंत. बाबा लहान मुलासारखे नाचले. म्हणाले, उडी मारून पडला असणार, बसमध्ये शिरतात तसा, थांबा नसताना! मी जबडा उघडून पाहिला. गळाची जखम नाही. खवले स्वच्छ, एकही निघालेला नाही.

त्यांनी तो लगेच साफ करायला घेतला. मला जेवण गेलं नाही.

२४ सप्टेंबर

रोज मासा. रोज कालच्यापेक्षा मोठा. बाबा आता गळ बांधतच नाहीत, नुसती होडी सोडतात.

आणि होडी पायरीपर्यंत येत नाही. पायरीपासून थोडी लांबच थांबते. काल बाबा घोट्यापर्यंत उतरून मासा घेऊन आले, आज गुडघ्यापर्यंत. मी म्हटलं, काठाला गाळ आहे, जेट तुंबत असेल. शेडमध्ये नेऊन सगळी उघडली. जाळी लख्ख. नळीत गाळाचा कण नाही. एवढ्या गढूळ तलावात जाऊन आलेली नळी अशी कशी असेल? प्रयोगशाळेत मी रोज हेच पाणी तपासते, त्यात किती गाळ असतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

बॅटरी पुन्हा भरलेली. मीटर नवा आणलाय.

२६ सप्टेंबर

घरमालकीणबाईंकडे मासा द्यायला गेले. त्यांनी उंबऱ्यातूनच हात मागे घेतला. मग मला आत बोलावून बसवलं. त्यांच्या घराच्या तलावाकडच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या आहेत. बाहेरून रंग दिलाय म्हणून लक्षात आलं नव्हतं.

मी सरळ विचारलं, इथे कुणी गळ का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "अगं, इथे मासे पकडावे लागत नाहीत. म्हणूनच कुणी पकडत नाही." त्यांचे यजमान फुगवलेल्या ट्यूबवर ताट बांधून दोरीने सोडायचे. ताट रोज भरून यायचं. मग एक दिवस त्यांनी दोरी ओढली तर ती जड लागली, आणि ते बघायला उतरले. एवढं सांगून त्यांनी मला पाणी हवं का विचारलं आणि स्वतःच घटाघटा प्यायल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बाई एकट्या राहतात, डोक्यात काहीबाही येतं.

मी जेट काढतेय. जे पाणी आत घेतं ते नको. हवेचा पंखा लावते. पाण्याला शिवायचंच नाही.

३० सप्टेंबर

हवेचा पंखा लावून सोडली. वारा समोरून होता, होडी धड पुढे सरकत नव्हती. मला बरंच वाटलं. म्हटलं, बाबा, जमत नाही हे, सोडून देऊ. रिमोट बंद करून पायरीवर ठेवला.

आणि ती निघाली. वाऱ्याविरुद्ध, सरळ मध्याकडे. पाठीवरचा पंखा स्थिर होता. पाती दिसत होती, सगळी वेगवेगळी.

बाबा म्हणाले, प्रवाह असेल. तलावाला प्रवाह?

ती परत आली तेव्हा कप्प्यात मावेना एवढा मासा, त्याची शेपटी पाण्यात ओढत होती. होडी कंबरभर पाण्यात थांबली. बाबा चप्पल काढायला लागले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला. माझा हात त्यांनी कधी झटकला नव्हता.

पंखा, जेट, हवेचा पंखा. मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीवर डोकं फोडत बसले. ढकलणारं आमचं काही नव्हतंच.

१ ऑक्टोबर

कामावरून परतले तर बाबा छातीभर पाण्यात. होडी त्यांच्यापुढे, हात पुरेल न पुरेल अशी. त्यांनी एक पाऊल टाकलं की ती थोडी मागे. मी कपड्यांसकट आत शिरले, काखेत हात घालून ओढत आणलं. रागाने म्हणाले, "हातात आला होता गं! एवढा मोठा... तुला काय कळतं त्यातलं?"

मासोळी हुशार असली की आम्हीही तेच करतो. आमिष जरा मागे ओढायचं. जरा. परत जरा.

२ ऑक्टोबर

मोटर, पंखा, बॅटरी, तारा, सगळं उपटून काढलं. नुसता सांगाडा उरलाय. तो शेडमध्ये फळीवर ठेवून कुलूप लावलं. बाबा खिडकीपाशी बसून आहेत, ताट तसंच.

पायऱ्यांवर सकाळी एक मासा होता. मधोमध, व्यवस्थित ठेवलेला.

३ ऑक्टोबर

शेडचं कुलूप जागेवर. फळी रिकामी. शेडची जमीन ओली, दारापासून फळीपर्यंत.

टेम्पोवाल्याला फोन केला. उद्या दुपारी येतो म्हणाला. बाबांना सांगितलं, ताईकडे जाऊ चार दिवस. हो म्हणाले. फार लवकर हो म्हणाले.

४ ऑक्टोबर, सकाळ

सामान बांधलं. केंद्रावर जाऊन राजीनामा देते आणि लगेच परत. बाबांना घरमालकीणबाईंकडे बसवलंय, बुजवलेल्या खिडक्यांच्या खोलीत. बाईंनी दाराला आतून कडी घातली, मी आवाज ऐकला.

४ ऑक्टोबर, दुपार

बाबा नाहीत.

बाई रडतायत. चहा टाकायला आत गेले तेवढ्यात, म्हणतात. कडी काढलेली.

अग्निशमनवाल्यांना फोन केला. निघालेत. पाण्यात उतरू नका असं बजावलंय त्यांनी. पायरीवर बसलेय. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहितेय—

पाणी अगदी शांत. एक तरंग नाही.

होडी आली. तिला ना पंखा, ना काही. सरळ रेषेत आली. कप्प्यात बाबांचा मफलर, घडी घातलेला. कोरडा. हात लांब करून घेतला, उतरले नाही. ऊबदार आहे, आत्ताच गळ्यातून काढल्यासारखा—

ती परत गेली.

टेम्पोचा हॉर्न वाजतोय रस्त्यावर. बाई त्याला इकडे आणत नाहीत. कुणीच येत नाही इकडे.

पुन्हा आली. या वेळी मघापेक्षा लांब थांबली. कप्प्याच्या काठावर हात आहे. बाबांचा. बसच्या दारात चेमटलेलं नख, अंगठ्याचं, ते दिसतंय मला. कोपरापुढचं पाण्याखाली.

मला माहीत आहे हे काय आहे. मासोळीलाही माहीत असेल, कदाचित.

बाबा म्हणून हाक मारली.

बोटं हलली. काठ घट्ट धरला त्यांनी. मेलेला हात धरत नाही काही. जिवंत आहेत. अग्निशमनच्या गाडीचा भोंगा लांबून ऐकू येतोय, पण फार लांब, आणि हात सुटत चाललाय, एक एक बोट—

दोनच पायऱ्या आहेत. वही कठड्यावर सरकवत उतरते. एक हात कठड्याला धरून दुसऱ्याने

पाणी कोमट आहे. होडी जरा मागे