माहेरचे गहू

१८ फेब्रु.
पंखा आत्तापासून फुल. निफाडहून विलासचा फोन. धाकटा भाऊ, माहेरची शेती तोच बघतो.
"ताई, गहू पिवळा पडायला लागला. दाणा अजून दुधात, आणि ऊन असं, की..."
मी म्हटलं, "पाणी वाढव की."
"पाणी देतो गं. थंडी कुठून आणू?"
लहानपणी तिथे पहाटे पातीवरचं दव गोठायचं. बोटं बधिर व्हायची.

३ मार्च
पोळ्यांच्या ऑर्डरी जास्त. लाटताना डोक्यात तेच. लग्नानंतर जमिनीवरचा हक्क सोडला, सही केली, तेव्हा वि. म्हणाला होता, "जमीन माझ्या नावावर, गहू तुझा." तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक पोतं लालबागला येतं. ह्यांचं घर कोकणातलं, भात खाणारं. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "ह्या घाटणीन आमका चपातयेची सवय लावल्यान." कौतुकच ते.

११ एप्रिल
वि. स्वतः पोतं घेऊन आला. उतारा निम्म्याच्याही खाली. "पण तुझं बाजूला काढलेलं." नीट जेवला नाही. राहा म्हटलं, राहिला नाही. मान वर करून बोलत नव्हता. दमला असेल.

१४ एप्रिल
गिरणीतून पीठ आणलं. कणीक मळायला घेतली आणि हाताला कळलं. आमचा गहू नाही हा. पोतं उघडून पाहिलं. टपोरे, एकसारखे दाणे. बाजारातले.
हे म्हणाले, "गप रव. मायेपोटी दिल्यान ना?" पण मी फोन लावलाच.
"विलास, कुठला गहू हा?"
"आपला सगळा चिमलेला होता, ताई. बहिणीला कसा देऊ तसला?"
"तोच द्यायचास."
"कोंबडीखाद्याला गेला."
त्यानेच फोन कट केला.
विचारायला नको होतं. मळलं होतं, लाटून मोकळं व्हायचं.

९ जून
वि.चा फोन नाही. मी केला की वहिनी उचलते, "शेतात गेलेत."

भाऊबीज
आला! दार उघडलं तर समोर. दोघंही एप्रिलचं काही बोललो नाही. ओवाळताना तोच म्हणाला, "यंदा मका लावतोय. ऊन जरा तरी सोसतो. पण मक्याचं तुला काय देऊ?"
"कणसं आण."
हसला. गव्हाऐवजी कणसं, माझं मलाच ऐकवेना. निघताना वाकला तेव्हा दिसलं, केस केवढे पिकलेत.

१७ नोव्हें.
सकाळी वि.चा फोन. मागे ट्रॅक्टरचा आवाज.
"ताई, मका पेरून होत आला. विहिरीजवळचा तुकडा ठेवलाय. आपलं गव्हाचं जुनं, चांगलं बियाणं घरात आहे. आज पहाटे जरा गार होतं. पेरू?"
"तुला काय वाटतं?"
"तू सांग."
'पेर' अगदी ओठावर आलं होतं. पण परत दाणा भरताना ऊन तापलं तर? माझ्या शब्दाखातर पेरलेलं करपताना रोज बघायचं त्याने, मी इथे लालबागला.
म्हटलं, "थोड्या वेळाने करते."
"कर. ट्रॅक्टर भाड्याचा आहे."
ऑर्डर गेली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तुझो भाव, तू बघ. फोन हातात घेऊन बसलेय.