धुऊन परत करायचे पेले

थॉर्नबी, ३ मे २००३

चि. क्लाइव्ह, अनेक आशीर्वाद.

आपल्या वाइनच्या दुकानाची शंभर वर्षं सांगणारी तुझ्या कंपनीची पुस्तिका मिळाली. कागद उत्तम आहे. आजोबा म्हणे दर सप्टेंबरात फ्रान्सचे मळे पालथे घालत. अरे, ते एकदाच निघाले, डोव्हरच्या बंदरात लाटा बघूनच त्यांना मळमळलं, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले.

सन एक्केचाळीसपासून पुढची पंचेचाळीस वर्षं दुकान चालवलं ते हेस्टर आत्याने. लग्नाला, बारशाला, मयताला काचेचे पेले फुकट द्यायची रीत तिची. अट एकच, धुऊन परत करायचे. ती रीत तू मुख्य कचेरीच्या नावावर खपवलीस. आयत्या बिळावर नागोबा! आत्याचं नाव एकाही पानावर नाही. वृद्धाश्रमात ती अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी भिंग घेऊन स्वतःला शोधत होती. शेवटी तिने विचारलं, यातली काही पानं गळली आहेत का.

सतरा तारखेच्या शताब्दी समारंभाआधी तिचं नाव घाल. मुलांना आशीर्वाद. लोभ आहे, तो घालवू नकोस.

रोझलिंड

लंडन, ८ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझा संताप नेहमीसारखाच ताजा. गल्ल्यामागे उभं राहणं म्हणजे इतिहास नव्हे. गिऱ्हाइकाला संस्थापक लागतो, विणकाम करणारी आत्या नाही. शिवाय छपाई झाली आहे.

तिला वाईट वाटू नये म्हणून सोबत एक पेला पाठवतोय. माझ्या लग्नाला तिच्याकडून चार डझन आणले होते, त्यातला हा राहून गेला. उशाशी ठेवू दे. समारंभात तिला पहिल्या रांगेत बसवू, फोटो छान येईल. राग नसावा.

क्लाइव्ह

थॉर्नबी, ११ मे

चि. क्लाइव्ह,

पेला पोचला. तळाशी निळा रंग वाळलेला आहे, म्हणजे मुलं लहानपणी त्यात ब्रश बुडवत होती. आत्याने तो उजेडात धरून फिरवला आणि तुझ्या लग्नाची तारीख न चुकता सांगितली. एकोणतीस वर्षं झाली. मग म्हणाली, धुतलेला नाही, जमा करता येणार नाही.

समारंभाला ती येणार नाही. पेला परत पाठवते आहे. स्वच्छ करून तू स्वतः आणायचास, असा तिचा निरोप आहे. मालकाच्या नातवालाही सूट नाही.

पुस्तिकाही सोबत आहे. तिलाही अट तीच.

तुझी ताई,
रोझलिंड