एक मेला गाडी निघणारच

२८ मार्च १९६०, गुढीपाडवा, सकाळी
नवं वर्ष, नवा संकल्प. एक मेला महाराष्ट्र राज्य होणार. त्या संध्याकाळी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी मी स्वतः चालवत गिरगावातून शिवाजी पार्कला नेणार. सरोजिनी शेजारी बसेल. वाटेत रोषणाई बघू. लोक आमच्याकडे बघतील.

गाडी चार वर्षं वाडीतल्या तबेल्यात उभी आहे. (आजोबांच्या वेळी तिथे घोडा असे, अप्पांनी गाडी आणली.) तिला झालंय असं काहीच नाही. चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, किंचित तडा आहे. छप्पन सालच्या आंदोलनाच्या धामधुमीत जखमी झाली. सरोजिनी म्हणते, आंदोलन कसलं, कोपऱ्यावरच्या नारळवाल्याच्या ओट्यावर तुम्हीच चढवलीत. असेल. पण साल छप्पनच होतं.

त्याच दिवशी, दुपारी
श्रीखंडानंतर सरोजिनीला संकल्प सांगितला. तिने विचारलं, आणि नाही निघाली तर? भरात म्हणून गेलो, नाही निघाली तर तबेला तुझा. तिला तिथे शिवणाचा वर्ग काढायचाय, तीन वर्षं मागे लागली आहे. लगेच म्हणाली, गुढीसमोर म्हणा. म्हटलं. बिचारीची उगाच निराशा होणार.

३ एप्रिल, रविवार
लालबागहून कुशाबा मिस्त्रीला बोलावलं. तोंडाचा फाटका माणूस. गाडीखाली शिरला आणि तिथूनच मोठ्याने हसायला लागला. वाडीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. चासीत स्क्रू ड्रायव्हर खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. स्क्रू ड्रायव्हर चांगल्या प्रतीचा असावा. कुशाबा म्हणाला, सायबा, ही चासी नाय, चाळण आसा. मी म्हटलं, वेल्डिंग कर. तर म्हणाला, वेल्डिंग धरूक लोखंड व्हया, गंजाक काय चिकटवू? वर भविष्य सांगितलं: मागच्या अंगान मोडतली, लिवन ठेवा.
लिहून ठेवतो. कुशाबा मूर्ख आहे.
काम स्वतः करणार. मिस्त्री लोक उगाच बाऊ करतात.

५ एप्रिल
ऑफिसला दांडी. कारण, पोटदुखी. साहेबांनी टेलिफोनवर विचारलं, पोट कुठल्या बाजूला दुखतं? म्हटलं, खालच्या.
गाडी विटांवर चढवली. चासी पिळवटली आहे का ते बघायला दोन्ही कर्ण मोजतात: पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. सारखे भरले की चासी सरळ. सरोजिनीची शिवणाची फीत घेतली. तीनदा मोजलं, फरक तीनदा निराळा. चौथ्यांदा फीत जराशी ताणली, सारखे आले. चासी सरळ आहे.
फीत आता थोडी लांब झाली आहे. बोललो नाही.

१० एप्रिल, रविवार
तडा म्हणत होतो, ती भोकं आहेत. एकात हात घालून खोली बघितली. हात आला, मनगटी घड्याळ आत राहिलं. कान लावला की टिकटिक ऐकू येते. म्हणजे आत ओल नाही. शुभ लक्षण.

१४ एप्रिल
रात्रभर विचार करून तोड काढली. सागवान! कुठल्या लोखंडाला सागवानाची सर येते? आजोबांच्या पलंगाची बाजूची पट्टी चासीच्या पोकळीत अशी बसली की जणू सुताराने गाडीचं माप घेऊनच पलंग केला होता. पूर्वजांची दूरदृष्टी! पलंगाला पट्टीच्या जागी सुतळी बांधली. सुतळी पक्की आहे.

१५ एप्रिल
पलंग मोडला. सरोजिनी पलंगावर होती. तिला लागलं नाही, पण बोलली नाही काहीच, ते जास्त लागलं. आता दोघंही जमिनीवर. पाठीला उत्तम म्हणतात.

१७ एप्रिल, रविवार
मेव्हणा कमलाकांत दादरहून आला. नवी फियाट, पांढरी पँट. पँट सांभाळत वाकला आणि विचारलं, भावोजी, हे दार का मिटत नाही? मी म्हटलं, हवा खेळती राहावी म्हणून. खरं म्हणजे गाडी मधोमध किंचित बसली आहे. वय झालं की कुणीही बसतं. जाताना बहिणीला म्हणाला, एक तारखेला सातला गाडी घेऊन येतो, लागली तर लागली.
सरोजिनी त्याला नाही म्हणाली नाही. वाईट वाटलं. कपभर चहा तसाच ठेवला. नंतर प्यायलो.

२४ एप्रिल, रविवार
मोठा दिवस. भोकांत रंगाऱ्याची लांबी, फटी बुजवायचा लगदा, भरली, वर डांबर, वर काळा रंग. चासी आरशासारखी झाली. आणि हँडल मारल्यावर इंजिन सुरू झालं! अप्पांच्या वेळचाच आवाज. लहानपणी हा आवाज वाडीत शिरला की मी अभ्यासाला बसायचो. डोळ्यांत पाणी आलं, धूरही बराच होता. सरोजिनी खाली येऊन उभी राहिली. म्हणाली, चालेल की काय हो खरंच? चेहरा हसरा. मग तबेल्याच्या खिडक्यांकडे बघितलं, उजेड चांगला येतो म्हणाली, आणि वर गेली.
दार तिच्याच नाडीच्या गोळ्यातल्या नाडीने बांधलं. नाडी तबेल्यात कशी आली, विचारलं नाही.

३० एप्रिल
गावभर पताका. कुशाबा झेंडा घेऊन सभेला चालला होता, वाकडी वाट करून आला. काळा रंग बघून हात जोडले. म्हणाला, सायबा, ट्रामच्या रुळावर घालू नका, आणि कोणाक मागे बसवू नका. आज तरी चांगलं बोलावं! एवढी वर्षं आंदोलन करून मराठी भाषिकांचं राज्य एकसंध झालं, तर तेवढ्याने एक चासी एकसंध होत नाही?
मीही आंदोलनात होतो. गॅलरीतून दोनदा घोषणा दिली आहे.

१ मे, दुपारी
विटा काढल्या. गाडी चाकांवर उभी! सगळ्या शंकेखोरांच्या नाकावर टिच्चून. पाच वाजता पूजा, साडेपाचला प्रस्थान. नारळ कोपऱ्यावरच्याच ओट्यावरून आणला. म्हातारा नारळवाला अजून मला बघून टोपली आत ओढतो.

१ मे, संध्याकाळी सहा
नीट लिहितो.
वाडी जमली होती. सरोजिनीने मोतिया रंगाचा शालू नेसला होता, वेणीत मोगरा. गाडीला हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, पायरीवर फोडा. मी म्हटलं, वाहनाचा नारळ वाहनावरच. पुढे स्प्रिंग जिथे लटकते ते चासीचं टोक निवडलं. सगळ्यांत मजबूत जागा. तिथे लांबीचे तीन हात दिले होते. ती पुन्हा म्हणाली, अहो, पायरीवर. सगळे बघत होते. मी हात उंच नेला आणि गणपतीचं नाव घेऊन हाणला.
मोठा आवाज झाला. टाळ्या पडल्या, मग थांबल्या.
नारळ शाबूत होता. चासीचं टोक जमिनीवर होतं. मग उजवी बाजू आली, मग डावी, आणि गाडीने सावकाश दोन्ही गुडघे टेकले. आजोबांच्या पलंगाची पट्टी रेडिएटरखालून बाहेर आली, तिच्यामागे घड्याळ. किल्ली दिली, चालू झालं. फक्त तीन आठवडे मागे.
कुशाबा म्हणाला होता मागून मोडेल. पुढून मोडली. म्हणजे त्याचंही चुकलंच.

१ मे, रात्री नऊ
कमलाकांत सातला आला. आमच्या गाडीकडे बघितलं आणि आपल्या फियाटचं मागचं दार उघडून धरलं. एवढा चांगला कधीपासून झाला? सरोजिनी मागे बसली. मी तबेल्याच्या दारात उभा. तिने सरकून जागा केली आणि म्हणाली, या की. शब्द रोषणाईचाही दिला होता, ती कुठल्याही गाडीतून दिसते, चला.
रोषणाई छान होती. माझ्या मांडीवर नारळ होता. शिवाजी पार्कपर्यंत तिने तबेल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. परतताना लालबागच्या वळणावर म्हणाली, भिंतींना पांढरा चुना देऊ. म्हटलं, दे.

४ मे
गाडी लालबागला गेली, हातगाडीवर, दोन खेपांत. कुशाबाने मागची सीट परत आणून दिली. झोपायला बरी आहे. अप्पांच्या तेलाचा वास येतो.
संकल्प: शिवणयंत्रांचं तेलपाणी माझ्याकडे घ्यायचं. तेही यंत्रच.

५ मे
सरोजिनी म्हणाली, यंत्रांना हात लावायचा नाही.

८ मे, रविवार
वर्गाचं उद्घाटन. नारळ तोच. तिने माझ्याच हातात दिला आणि पायरीकडे बोट दाखवलं. पहिल्याच घावात फुटला. दोन्ही भकलं अगदी सारखी. मोजायला फीत मागितली, दिली नाही.